रसायनशास्त्राची पदवी : रचना, श्रेयांक आणि मूल्यमापन कसे वाचावे

पदवीच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका हाती आली की विद्यार्थी विषयांची नावे वाचतो आणि बहुधा तिथेच थांबतो. त्याच पुस्तिकेत मागे कुठेतरी मूल्यमापनाचे कोष्टक असते. कोणत्या घटकाला किती गुण, प्रात्यक्षिकात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते का, अंतर्गत गुणांचा वाटा किती, या सगळ्या गोष्टी त्या कोष्टकात असतात आणि खरे तर तेच पान आधी वाचायला हवे. रसायनशास्त्रात विद्यार्थ्याचा वेळ जिथे जातो आणि त्याचे गुण जिथून येतात, त्या दोन जागा नेहमी एकच नसतात. हा फरक पहिल्याच सत्रात ओळखला तर पुढची तीन-चार वर्षे नीट आखता येतात.

पहिली पायरी : श्रेयांकांचे तासांत रूपांतर

श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, हे अभ्यासाच्या भाराचे माप असले तरी ते जगभर सारखे नाही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. युरोपीय पद्धतीत पूर्ण वेळ अभ्यासाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे धरतात, तर ब्रिटनमध्ये एका वर्षाला १२० आणि तीन वर्षांच्या ऑनर्स पदवीला ३६० श्रेयांक होतात. म्हणजे १२० हा आकडा एका देशात संपूर्ण पदवी दाखवतो आणि दुसऱ्या देशात केवळ एक वर्ष. दोन ठिकाणच्या पदव्यांची तुलना करताना नुसते आकडे शेजारी ठेवणे म्हणूनच निरर्थक ठरते.

तुलना तासांची करावी. युरोपीय पद्धतीत एक श्रेयांक साधारण २५ ते ३० तासांचा असतो आणि त्यात स्वतःच्या अभ्यासाचा वेळही धरलेला असतो, त्यामुळे वर्षाचा भार १५०० ते १८०० तासांच्या घरात जातो. ब्रिटनमध्ये एक श्रेयांक १० तासांचा मानतात आणि वर्षाला सुमारे १२०० तास होतात. भारतीय आराखड्यातला हिशेब वेगळा आहे. तिथे एका श्रेयांकामागे सत्रभरात व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास मोजले जातात आणि घरचा अभ्यास या आकड्यांच्या बाहेर राहतो.

यातला शेवटचा तपशील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक सत्रात ६० तास घेते, म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला चार तास. चार श्रेयांकांचा सैद्धांतिक विषयही वर्गातले नेमके तेवढेच तास घेतो. वेळापत्रकावर दोन्ही सारखी जागा अडवतात, पण अंतिम सरासरीत एकाचे वजन दुसऱ्याच्या निम्मे असते. त्यात जर्नल पूर्ण करण्याचा वेळ मिळवला की प्रात्यक्षिक ‘महाग’ वाटू लागते आणि अनेक जण ते उरकून टाकण्याच्या मागे लागतात. माझ्या मते हा हिशेब अपुरा आहे. प्रात्यक्षिकाचे गुण तुलनेने विद्यार्थ्याच्या हातात असतात, ते आठवड्या-आठवड्याने साठत जातात आणि त्यातून आलेली समज सैद्धांतिक प्रश्नपत्रिकेतही उपयोगी पडते.

दुसरी पायरी : विषयांची साखळी मांडून पाहणे

भौतिक, सेंद्रिय, असेंद्रिय आणि विश्लेषणात्मक या चार शाखा जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात दिसतात आणि वर्षागणिक त्यांच्या खोलीत भर पडत जाते. पहिल्या वर्षी अणुरचना, रासायनिक बंध, आवर्त सारणीतील प्रवृत्ती, त्रिमितीय रसायनशास्त्राची ओळख, उष्मागतिकी आणि अभिक्रियांचे वेग हे विषय येतात. दुसऱ्या वर्षी संक्रमण धातूंची संयुगे, कार्बोनिल गटाच्या अभिक्रिया, विद्युत् रसायन, पुंजयामिकी आणि वर्णपटशास्त्र समोर येते. शेवटच्या टप्प्यात सेंद्रिय-धातू संयुगे, संश्लेषणाची आखणी, सांख्यिकीय उष्मागतिकी, घन अवस्था, बहुवारिके असे विषय असतात आणि त्यांतले काही निवडीचे असतात. एवढे कोणतीही पुस्तिका सांगते. कोणता धडा कोणत्या धड्यावर उभा आहे, हे मात्र तिच्यात क्वचितच लिहिलेले असते.

विद्यार्थ्याने ही साखळी स्वतः कागदावर काढावी. उदाहरणार्थ, पहिल्या वर्षातली गिब्ज मुक्त ऊर्जा दुसऱ्या वर्षी समतोल स्थिरांकाशी जोडली जाते, त्याच सत्रात किंवा पुढच्या सत्रात ती विद्युत् घटाच्या विभवाच्या रूपाने परत येते आणि सांख्यिकीय उष्मागतिकीत तिचेच मूळ रेणूंच्या ऊर्जापातळ्यांपर्यंत शोधले जाते. संक्रमण धातूंच्या डी-कक्षकांचे विभाजन समजले नसेल, तर संयुगांचे रंग, त्यांचे चुंबकीय गुणधर्म आणि पुढे उत्प्रेरकांचे वर्तन ही तीन वेगवेगळी पाठांतरे होऊन बसतात. त्रिमितीय रचनेत कच्चे राहिलेल्याला द्विरेणवीय प्रतिष्ठापन अभिक्रियेत कार्बनची मांडणी उलटी का होते, हे चित्र पाहूनही पटत नाही. अशा कच्च्या कडीची किंमत त्या सत्राच्या गुणपत्रकावर फारशी दिसत नाही. ती दोन सत्रांनंतर मोजावी लागते.

साखळीत गणितालाही स्वतंत्र जागा द्यावी, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याचकडे होते. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा वेगनियम हे एक साधे विकल समीकरण आहे, उष्मागतिकीतील बहुतेक संबंध आंशिक विकलजांनी लिहिले जातात आणि पुंजयामिकीत आयगेन-मूल्यांशिवाय पान हलत नाही. गणिताचा सहायक विषय कमी श्रेयांकांचा आहे म्हणून तो उत्तीर्ण होण्यापुरता करणारा विद्यार्थी भौतिक रसायनात अडखळतो आणि अडचण रसायनशास्त्राची आहे असे समजून बसतो.

तिसरी पायरी : प्रात्यक्षिकाचे गुण नेमके कुठून येतात

प्रात्यक्षिकाचे गुण एकाच जागी नसतात. प्रयोगापूर्वीची तयारी आणि धोक्यांचे मूल्यांकन, प्रत्यक्ष हाताळणी, निष्कर्षाची अचूकता, जर्नल किंवा अहवाल आणि तोंडी परीक्षा अशा पाच-सहा तुकड्यांत ते विभागलेले असतात. प्रमाण संस्थेप्रमाणे बदलते, म्हणून आपल्या विभागाची विभागणी मिळवावी आणि ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावी. कित्येक विद्यार्थी उत्तर बरोबर आले म्हणजे सगळे साधले असे मानतात, पण निष्कर्षाच्या अचूकतेचा वाटा बहुधा एकूण गुणांच्या एखाद्या तुकड्याएवढाच असतो.

अनुमापनाचे (टायट्रेशनचे) उदाहरण घेऊ. ब्युरेटवर सर्वांत लहान खूण ०.१ मिलिलिटरची असते आणि दोन खुणांमधला अंदाज घेऊन वाचन ०.०५ मिलिलिटरपर्यंत नोंदवायचे असते. तीन वाचने २४.३५, २४.४० आणि २४.३५ आली, तर ती परस्परांशी जुळणारी आहेत असे म्हणतात. त्याच विद्यार्थ्याने ती २४.३, २४.४ आणि २४.३ अशी लिहिली तर प्रयोग तोच राहतो, पण नोंदीतून अचूकता निघून जाते आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसते. त्यापुढचा प्रश्न असतो अनिश्चिततेचा. प्रत्येक अनुमापनात ब्युरेट दोनदा वाचावे लागते, सुरुवातीला आणि शेवटी. प्रत्येक वाचनात ०.०५ मिलिलिटरची अनिश्चितता धरली, तर दोन्ही मिळून ती जास्तीत जास्त ०.१ मिलिलिटर होते. वापरलेले द्रावण २५ मिलिलिटर असेल तर ही अनिश्चितता ०.४ टक्के ठरते, पण ५ मिलिलिटरच असेल तर तीच २ टक्क्यांवर जाते. द्रावणाची संहती (कॉन्सन्ट्रेशन) अशी का निवडली, या तोंडी परीक्षेतल्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर याच आकडेमोडीत असते.

सेंद्रिय प्रयोगात पारख वेगळी असते. सॅलिसिलिक आम्लापासून ॲस्पिरिन तयार करण्याचा प्रयोग पुष्कळ ठिकाणी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी असतो. २.०० ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घेतले तर त्याचे ०.०१४५ मोल होतात. ॲसेटिक अनहायड्राइड जादा घेतलेले असल्यामुळे मर्यादा सॅलिसिलिक आम्लाचीच असते, आणि ॲस्पिरिनचे मोलीय वस्तुमान सुमारे १८०.२ धरले तर सैद्धांतिक उत्पादन २.६१ ग्रॅम येते. हाती २.१० ग्रॅम आले तर उतारा, म्हणजे सैद्धांतिक उत्पादनापैकी प्रत्यक्ष मिळालेला भाग, साधारण ८० टक्के झाला. एखाद्याने २.७५ ग्रॅम नोंदवले, तर उतारा शंभर टक्क्यांच्या वर जातो. याचा अर्थ पदार्थ ओला आहे किंवा अशुद्ध आहे, आणि हे वाक्य जर्नलमध्ये नसेल तर गुण तिथेच कापले जातात. शुद्धतेसाठी वितळणबिंदू पाहतात. शुद्ध ॲस्पिरिन १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते; त्याहून खाली आणि पसरट पल्ल्यात वितळणारा नमुना अशुद्ध समजावा. फेरिक क्लोराइडने जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे, कारण ॲस्पिरिनमध्ये तो मोकळा फिनॉल गट उरलेला नसतो. कोरडा, शुद्ध आणि ६५ टक्के उताऱ्याचा नमुना, सोबत पुनःस्फटिकीकरणात पदार्थ कुठे गेला याचे प्रामाणिक विवेचन, हे तपासनिसाच्या दृष्टीने संशयास्पद १०५ टक्क्यांपेक्षा केव्हाही चांगले.

जर्नल त्याच दिवशी लिहावे, हा सल्ला सगळेच देतात. त्यात एवढीच भर घालतो की निरीक्षणे तरी प्रयोग चालू असतानाच, शाईने आणि थेट वहीत लिहावीत. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा, जेणेकरून तो वाचता येईल. सुट्या कागदावर लिहून नंतर ‘फेअर’ करण्याची सवय प्रकल्पाच्या वर्षात महागात पडते, कारण संशोधनाच्या प्रयोगशाळेत अशी नोंद ग्राह्य धरली जात नाही.

चौथी पायरी : सरासरी स्वतः काढणे

अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रान्त परीक्षा यांचे गुण एकत्र होऊन प्रत्येक विषयाची श्रेणी ठरते. भारतीय दहा-बिंदू पद्धतीत सर्वोच्च श्रेणीला १० आणि केवळ उत्तीर्ण श्रेणीला ४ गुणांक मिळतो. सत्राची सरासरी काढताना प्रत्येक विषयाचा गुणांक त्याच्या श्रेयांकांनी गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. समजा, चार श्रेयांकांच्या दोन विषयांत ७ आणि ८, तर दोन श्रेयांकांच्या दोन प्रात्यक्षिकांत ९ आणि ६ मिळाले. गुणाकार २८, ३२, १८ आणि १२ होतात, बेरीज ९० येते आणि १२ श्रेयांकांनी भागल्यावर सरासरी ७.५. आता दुसऱ्या प्रात्यक्षिकात ६ ऐवजी ९ असते तर सरासरी ८.० झाली असती, आणि हाच अर्धा गुण मिळवायला चार श्रेयांकांच्या विषयात दीड श्रेणीची सुधारणा लागली असती. सैद्धांतिक विषयात दीड श्रेणी वर चढणे किती अवघड असते, हे ज्याने प्रयत्न केला आहे त्याला ठाऊक असते.

ब्रिटनमध्ये सरासरी टक्क्यांत काढतात. ७० आणि त्यावर प्रथम वर्ग, ६० ते ६९ वरचा द्वितीय, ५० ते ५९ खालचा द्वितीय आणि ४० ते ४९ तृतीय, अशी विभागणी रूढ आहे. तिथे अनेक विद्यापीठांत पहिले वर्ष उत्तीर्ण होणे आवश्यक असते पण त्याचे गुण अंतिम वर्गात धरत नाहीत, आणि पुढच्या वर्षांना चढते वजन दिले जाते. दुसऱ्या वर्षाला एक तृतीयांश आणि तिसऱ्याला दोन तृतीयांश वजन असेल, तर ५८ आणि ६७ टक्के मिळवणाऱ्याची अंतिम सरासरी ६४ येते. ज्याचे आकडे उलट, म्हणजे आधी ६७ आणि मग ५८ असतील, त्याची सरासरी ६१ वर येते. आपल्या पदवीत वर्षांना कसे वजन आहे, याची चौकशी प्रवेशानंतर लगेच करावी. सर्व सत्रांना सारखे वजन देणाऱ्या पद्धतीत पहिल्या सत्रातली ढिलाई शेवटपर्यंत सरासरीला खाली ओढते.

याच वेळी किमान मर्यादाही पाहाव्यात. काही ठिकाणी प्रात्यक्षिक आणि सिद्धांत यांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. एकत्रित बेरीज पुरेशी असूनही विद्यार्थी प्रात्यक्षिकात अडकतो.

पाचवी पायरी : प्रश्नपत्रिकेतल्या गुणांची उकल

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे उपयोगी आहे, पण प्रश्नाचे गुण कोणत्या टप्प्यांना विभागले आहेत हे ओळखणे त्याहून उपयोगी. वर्णपटावरून संरचना ओळखण्याचा प्रश्न पाहा. समजा, संयुगात चार कार्बन, आठ हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन आहेत. पहिला टप्पा असंपृक्ततेची मात्रा काढण्याचा, ती इथे १ येते, म्हणजे एक दुहेरी बंध किंवा एक वलय. दुसरा टप्पा अवरक्त वर्णपटाचा : १७४० प्रतिसेंटीमीटरच्या जवळचा ठळक पट्टा एस्टरचा कार्बोनिल सुचवतो. तिसरा टप्पा प्रोटॉन एनएमआरचा, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कोणत्या परिसरात आहेत हे दाखवणाऱ्या वर्णपटाचा : १.३ पीपीएमवर तीन प्रोटॉनांचे त्रिक (तीन शिखरांचा गट), २.० वर तीन प्रोटॉनांचे एकल शिखर आणि ४.१ वर दोन प्रोटॉनांचे चतुष्क (चार शिखरांचा गट). त्रिक आणि चतुष्क मिळून इथिल गट होतो. आता खरा निर्णय बाकी राहतो, कारण इथिल ॲसिटेट आणि मिथिल प्रोपियोनेट या दोघांतही इथिल गट आहे आणि एकटा मिथिल गटही आहे. चतुष्क ४.१ वर आहे, म्हणजे तो गट ऑक्सिजनला जोडलेला आहे, म्हणून संयुग इथिल ॲसिटेट. मिथिल प्रोपियोनेटमध्ये एकल शिखर ३.७ च्या आसपास आले असते आणि चतुष्क २.३ च्या. उत्तरात फक्त नाव लिहिणाऱ्याला एखादा गुण मिळतो. हे टप्पे लिहून शेवटी नाव चुकवणाऱ्याला बहुतेक गुण मिळून जातात.

अभिक्रियेची यंत्रणा लिहिताना वक्र बाणाची सुरुवात एकाकी इलेक्ट्रॉन-जोडीपासून किंवा बंधापासून व्हायला हवी, धनप्रभारापासून नव्हे. हा नियम ठाऊक असूनही घाईत मोडला जातो आणि कार्बनला पाच बंध देणारे उत्तर तयार होते. संख्यात्मक प्रश्नात एकके प्रत्येक ओळीत लिहावीत. केल्विनऐवजी सेल्सिअस टाकल्याची चूक तिथेच पकडली जाते.

सहावी पायरी : प्रकल्पाची तयारी आधीच्या वर्षात

चार वर्षांच्या भारतीय ‘ऑनर्स विथ रिसर्च’ पदवीत संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत, आणि त्या शाखेत जाण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण हवेत. याचा अर्थ प्रकल्पाचा दरवाजा तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बंद किंवा उघडा झालेला असतो. इतर पद्धतींतही शेवटच्या वर्षातला प्रकल्प हा सर्वांत मोठा एकटा घटक असणे सामान्य आहे.

मार्गदर्शक निवडताना केवळ विषयाचे आकर्षण पाहू नये. हवे ते उपकरण आठवड्यातून किती वेळ मिळेल, रोजच्या अडचणी कोणाला विचारायच्या, हे आधी विचारून घ्यावे. प्रकल्पाचे गुण साधारणपणे प्रबंध, सादरीकरण, तोंडी परीक्षा आणि प्रयोगशाळेतले काम यांत विभागलेले असतात, आणि प्रबंध मार्गदर्शकाखेरीज दुसरा परीक्षकही वाचतो. अपेक्षित संयुग तयार झालेच नाही, तरी प्रकल्प नापास होत नाही. काय करून पाहिले, कोणत्या पुराव्यावरून ते झाले नाही असे ठरवले आणि पुढे काय बदलावे, हे मांडता आले पाहिजे. परीक्षकाला ‘अभिक्रिया झाली नाही’ हे वाक्य नको असते. त्याला पातळ थर वर्णलेखनाच्या (टीएलसीच्या) पट्टीवर सुरुवातीच्या द्रव्याचा डाग तसाच राहिल्याची नोंद हवी असते.

सातवी पायरी : चुकलेले सत्र आणि फेरपरीक्षा

अनुत्तीर्ण होण्याचे नियम आजारी पडण्याआधी वाचावेत. फेरपरीक्षेत मिळालेले गुण कित्येक ठिकाणी उत्तीर्णतेच्या किमान पातळीवरच गोठवले जातात, त्यामुळे चांगला पेपर लिहूनही सरासरी सुधारत नाही. वैद्यकीय किंवा अन्य अडचणीचा अर्ज निकालानंतर केला तर तो सहसा स्वीकारला जात नाही. परीक्षेपूर्वी किंवा ठरवून दिलेल्या दिवसांत, कागदपत्रांसह तो द्यावा लागतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांच्या मुदतीही अशाच कमी दिवसांच्या असतात.

प्रात्यक्षिकाची बाब आणखी कडक असते. व्याख्यान चुकले तर टिपणे मिळतात, पण चुकलेल्या प्रयोगासाठी टेबल, रसायने, उपकरण आणि देखरेख करणारा माणूस पुन्हा एकत्र आणावे लागतात. बहुतेक विभाग त्यासाठी सत्राच्या शेवटी एखाद-दुसरा दिवस राखून ठेवतात. गैरहजर राहावे लागणार हे कळताच प्रयोगशाळेच्या प्रमुखांना लेखी कळवून त्या दिवसासाठी आपले नाव नोंदवून घ्यावे.